देणे वेळेवर, घेणे मोजून
लहान व्यापाऱ्याच्या खरेदीची चार शतके

व्यापाराचा इतिहास लिहिला जातो तेव्हा तो बहुधा विक्रीचा इतिहास असतो. कोणत्या पेढीचा माल कोणत्या बंदरापर्यंत पोहोचला, कोणी किती संपत्ती मिळवली, त्या संपत्तीतून कोणती मंदिरे, धर्मशाळा आणि पाठशाळा उभ्या राहिल्या, याची नोंद आवर्जून केली जाते. परंतु तो माल विकत कसा घेतला गेला, देणाऱ्याला त्याचे पैसे केव्हा मिळाले आणि पुढच्या हंगामात तो त्याच दारात आनंदाने आला की नाइलाजाने आला, हे प्रश्न सहसा मागे राहतात. वास्तविक नफा विक्रीत नसून खरेदीत असतो, ही शिकवण बाजारपेठेत वाढलेल्या प्रत्येक मुलाच्या कानांवर पडलेली असते. मात्र या शिकवणीचा अर्थ दोन प्रकारे लावला गेला. काहींनी तो 'समोरच्याचे नाक दाबा' असा लावला, तर काहींनी 'समोरच्याशी असा व्यवहार ठेवा की त्याचा आणि आपला, दोघांचाही फुकटचा खर्च वाचेल' असा लावला. मागील चार शतकांकडे पाहिले तर दुसरा अर्थ लावणाऱ्यांच्या पेढ्या का टिकल्या आणि पहिला अर्थ लावणाऱ्यांना कोणती किंमत मोजावी लागली, हे पुरेसे स्पष्ट होते.

श्रावकाचारातील खरेदीदार

गृहस्थाने व्यापार कसा करावा याचा विचार जैन परंपरेने फार पूर्वीच केलेला आहे. आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अणुव्रतांचे अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, सांगितले आहेत. अचौर्य व्रताच्या दोषांत 'हीनाधिकमानोन्मान' आणि 'प्रतिरूपकव्यवहार' यांची गणना आहे. पहिला दोष खोट्या वजनमापांचा आणि दुसरा भेसळीचा. यातील पहिल्या दोषाला दोन बाजू आहेत. देताना हलके माप वापरणे हा जसा दोष, तसाच घेताना जड माप वापरणे हाही दोषच. म्हणजे शास्त्रकारांच्या डोळ्यांसमोर केवळ ग्राहकाला फसवणारा दुकानदार नव्हता. ज्याच्याकडून माल घेतला त्याला फसवणारा खरेदीदारही होता.

सत्य व्रताच्या दोषांत 'कूटलेखक्रिया', अर्थात खोटा लेख करणे, आणि 'न्यासापहार' यांचा समावेश आहे. न्यासापहाराचा टीकाकारांनी केलेला खुलासा अतिशय सूक्ष्म आहे. ठेव ठेवणारा आपली रक्कम विसरला आणि त्याने कमी मागितली, तर 'बरोबर आहे' असे म्हणून तेवढीच परत करणे हाही अपहारच होय. पुरवठादाराच्या बिलात त्याच्याकडून चुकून एक पोते कमी लिहिले गेले आणि घेणारा गप्प राहिला, तर तो त्याच दोषाचा धनी होतो. धर्मदृष्टीने सांगितलेला हा नियम व्यवहारातही किती उपयोगाचा आहे, हे पुढील इतिहासातून दिसून येते.

आग्र्याचा कचोरीवाला आणि सावकाराची हवेली

सतराव्या शतकातील लहान व्यापाऱ्याचे जीवन आतून दाखवणारा एक अपूर्व ग्रंथ उपलब्ध आहे. तो म्हणजे कवी बनारसीदासांचे 'अर्धकथानक'. १५८६ मध्ये जौनपूर येथे श्रीमाळ जैन कुटुंबात जन्मलेल्या बनारसीदासांनी १६४१ मध्ये हे पद्य आत्मचरित्र पूर्ण केले. ते मोठे धर्मचिंतक होते. परंतु व्यापारात त्यांना वारंवार अपयश आले आणि ते त्यांनी कोणताही आडपडदा न ठेवता सांगितले. तरुणपणी जडजवाहीर, तूप, तेल आणि कापड घेऊन ते आग्र्यास गेले. अनुभव नव्हता. काही जवाहीर हरवले, कापडात तोटा झाला आणि हाती काहीच उरले नाही.

अशा वेळी त्यांना आधार मिळाला तो एका कचोरीवाल्याचा. संध्याकाळी बनारसीदास आपल्या मुक्कामी कथाकाव्ये वाचीत. ऐकायला येणाऱ्यांत हा कचोरीवालाही असे. बनारसीदासांनी त्याला आपली अवस्था स्पष्ट सांगितली आणि त्याने उधारीवर खाऊ घालण्याचे मान्य केले. काही महिने हा क्रम चालला. पुढे हातात पैसा येताच बनारसीदासांनी त्याचा हिशेब चुकता केला. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की उधारी मिळाली ती अडचण लपवली म्हणून नव्हे, तर ती उघडपणे सांगितली म्हणून. देणेकऱ्याने तोंड चुकवले असते तर कचोरीवाल्यानेही हात आखडता घेतला असता.

त्याच ग्रंथात याच्या अगदी उलट प्रसंग आहे. पुढे बनारसीदासांचा सबलसिंह मोठिया नावाच्या धनाढ्य सावकाराशी व्यवहार झाला. व्यवहार संपला आणि हिशेब मिटवण्यासाठी ते सावकाराच्या हवेलीवर जाऊ लागले. सावकार गायन-वादनात आणि भाटांच्या स्तुतीत मग्न. आज नाही, उद्या. उद्या नाही, परवा. असे दिवसांमागून दिवस गेले. शेवटी सावकाराच्याच नात्यातील एका गृहस्थाने मध्यस्थी केली, तेव्हा हे काम लगेच झाले. म्हणजे अडचण पैशांची नव्हती, हिशेब गुंतागुंतीचा नव्हता. केवळ मोठ्या माणसाला लहान माणसाच्या वेळेची किंमत नव्हती. दोन्ही प्रसंगांना चारशे वर्षे झाली, तरी बिल घेऊन मोठ्या कार्यालयाच्या दारात ताटकळणाऱ्या आजच्या लहान पुरवठादाराला बनारसीदासांची व्यथा परकी वाटणार नाही.

एकाच दारावर अवलंबून राहण्याची किंमत

बनारसीदासांच्याच काळात सुरतेत वीरजी व्होरा हे नामांकित जैन व्यापारी होते. छत्रपती शिवाजी महाराजांच्या १६६४ च्या सुरत स्वारीच्या वर्णनांत त्यांचे नाव हमखास येते. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या दप्तरात त्यांचा उल्लेख अनेक वर्षे आढळतो आणि त्यात आदर व तक्रार दोन्ही आहेत. वीरजी मिरीसारख्या मालाचा साठाच्या साठा उचलीत आणि मग त्यांच्याच भावाने इतरांना तो घ्यावा लागे. हा पेच टाळण्यासाठी इंग्रजांनी दख्खनेतून परस्पर मिरी घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा तेथेही वीरजींचे गुमास्ते अधिक भाव देऊन उभे राहिले. विशेष म्हणजे तक्रार करणारी हीच कंपनी पैशांची चणचण भासली की कर्जासाठी पुन्हा त्यांच्याकडेच जात असे.

वीरजींच्या कर्तृत्वाचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. पण लहान व्यापाऱ्याने हा प्रसंग खरेदीदाराच्या बाजूनेही वाचावा. माल एकाकडूनच, कर्जही त्याच्याकडूनच आणि दुसरे दार माहीत नाही, अशी स्थिती आली की भाव ठरवण्याची शक्ती आपल्या हातून जाते. म्हणून मुख्य पुरवठादार एक ठेवावा, त्याला बहुतांश काम द्यावे. परंतु दुसऱ्या एखाद्याशी थोडा का होईना, नियमित व्यवहार चालू ठेवावा. हा दुसरा माणूस पहिल्याला धाक दाखवण्यासाठी नसतो. पहिल्याकडे आग लागली, आजारपण आले किंवा माल संपला, तर दुकान बंद पडू नये यासाठी तो असतो. दर महिन्याला नवा पुरवठादार शोधणारा व्यापारी मात्र दोन्हीकडून जातो. त्याला कोणीच आपला मानत नाही आणि टंचाईच्या दिवसांत त्याचा क्रमांक शेवटचा लागतो.

हुंडी, हुंडणावळ आणि वटाव

विश्वासामुळे खर्च कसा वाचतो याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे हुंडी. रोकड एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायची तर गाडी, राखणदार, वाटेतील जोखीम आणि जकात एवढे सारे आले. त्याऐवजी एका पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीवर चिठ्ठी लिहिली की काम झाले. दाखवताच पैसे मिळत ती दर्शनी हुंडी, ठरावीक दिवसांनी मिळत ती मुदती हुंडी. हुंडी हरवली तर 'पेठ' आणि तीही हरवली तर 'परपेठ' अशी नक्कल देण्याची पद्धत होती. या सेवेची हुंडणावळ द्यावी लागे. पण गाडी-राखणदारांच्या खर्चापुढे ती अल्प असे. १८८१ मध्ये चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा झाला, तेव्हाही देशी भाषांतील हुंड्यांच्या बाबतीत स्थानिक रिवाज कायम ठेवण्यात आले. सरकारी कायद्याने बाजाराच्या रिवाजाला दिलेली ही मान्यताच होती.

ही सारी इमारत एका गोष्टीवर उभी होती : हुंडी आली की ती सकारली जाणार. जी पेढी ती परत पाठवी, तिची पत त्याच दिवशी बाजारात घसरे. पत घसरली की पुढच्या प्रत्येक खरेदीला रोख मोजावी लागे किंवा चढा भाव द्यावा लागे. म्हणजे उशिरा दिलेल्या पैशावर व्याज लागतेच. मग ते बिलात दिसो वा न दिसो. जो पुरवठादार तीन-तीन महिने थांबतो, तो ते व्याज पुढच्या मालाच्या भावात मिळवून ठेवतो. खरेदीदाराला वाटते, आपण त्याचे पैसे फुकट वापरले.

वटावाचा हिशेब या दृष्टीने प्रत्येक दुकानदाराने एकदा तरी कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. समजा, १,००,००० रुपयांचा माल घेतला. पुरवठादार म्हणतो, ४५ दिवसांनी पूर्ण रक्कम द्या किंवा १० दिवसांत दिल्यास २ टक्के वटाव घ्या. १० व्या दिवशी ९८,००० रुपये देण्यासाठी बँकेकडून दरसाल १२ टक्क्यांनी रक्कम उचलली, तर उरलेल्या ३५ दिवसांचे व्याज सुमारे १,१२८ रुपये होते. वटाव मिळाला २,००० रुपये. शुद्ध बचत सुमारे ८७२ रुपये. शिवाय पुरवठादार संतुष्ट, हा लाभ वेगळाच. दरसालच्या हिशेबाने पाहिले तर हा वटाव सोडून देणे म्हणजे सुमारे २१ टक्के व्याजाने पैसे वापरण्यासारखे आहे. भावात घासाघीस करून जे मिळत नाही, ते पैसे लवकर देऊन मिळते. मात्र ही बोलणी खरेदीपूर्वी झाली पाहिजेत. पूर्ण मुदत वापरून वर वटावही कापून घेणे याला काटकसर म्हणत नाहीत.

सुप्याचा धडा

या इतिहासात अभिमानाची पाने आहेत, तशीच आत्मपरीक्षणाचीही आहेत. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. पाहता पाहता हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. जमावाचा मुख्य रोख माणसांच्या जिवावर नव्हता. तो वह्यांवर आणि कर्जखतांवर होता. कागद हाती येताच ते जाळले गेले.

त्यामागची कारणे अनेक होती. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, कापसाचे भाव चढले, मुबलक कर्ज मिळाले आणि युद्ध संपताच भाव कोसळले. त्यातच शेतसाऱ्याच्या फेरआकारणीने बोजा वाढला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाच्या दाव्यांना तीन वर्षांची मर्यादा घातली होती. परिणामी दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेण्याचा प्रघात पडला. शेतकरी एकाच वेळी सावकाराचा ऋणको होता आणि त्याला धान्य व कापूस पुरवणाराही होता. मालाचा भाव सावकार ठरवी, वजन तोच करी, जमा तोच मांडी आणि ज्याच्या नावाने मांडी त्याला वाचता येत नसे.

सुप्याचे सावकार बहुतांशी मारवाडी आणि गुजराती व्यापारी होते. त्यांत जैन किती आणि अन्य किती, असा प्रश्न काढून या घटनेतून सुटका करून घेता येणार नाही. सर्वच सावकार अन्यायी होते असे नाही आणि सर्व दोष त्यांचाच होता असेही नाही. परंतु ज्या वहीवर व्यापाऱ्याचा संपूर्ण विश्वास, ती वही समोरच्याला शत्रू वाटू लागली, ही वस्तुस्थिती उरते. १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्याने न्यायालयांना खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला आणि शेतकऱ्याला पावती व हिशेब मिळण्याची तरतूद केली. पावती देणे आणि हिशेब दाखवणे यासाठी कायदा करावा लागला, हाच या प्रकरणातील खरा धडा आहे. समोरच्याला न समजणाऱ्या हिशेबातून झालेली बचत कधी तरी एकदम फेडावी लागते.

कारंज्याचा काटा

या घटनेनंतर अकरा वर्षांनी वऱ्हाडात एका वेगळ्या प्रयोगाला आरंभ झाला. प्राचीन जैन मंदिरे आणि हस्तलिखितांची शास्त्रभांडारे यांसाठी प्रसिद्ध असलेले कारंजा हे कापसाच्या व्यापाराचेही मोठे केंद्र होते. हे गाव आज वाशीम जिल्ह्यात आहे. १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशान्वये तेथे भारतातील पहिली नियंत्रित बाजारपेठ सुरू झाली. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. या व्यवस्थेत व्यापाऱ्यांचे प्राबल्य होते, ही तिची उणीवच म्हणावी लागेल. तथापि बाजार कोठे भरावा, वजन कोणी करावे आणि दलाली किती असावी, हे सर्वांना माहीत असलेल्या नियमांनी ठरावे, हे तत्त्व तेथे प्रथम रुजले.

त्यापूर्वीची आणि इतरत्र नंतरही दीर्घकाळ चाललेली पद्धत कशी होती? भाव रुमालाखाली बोटे दाबून ठरे. माल ज्याचा, त्यालाच तो कळत नसे. हमाली, तोलाई, दलाली, नमुना आणि कडता अशा अनेक नावांनी कपात होई. त्यात धर्मादायाच्या नावाने होणारी कपातही असे. गोरक्षण, पांजरपोळ, पाठशाळा ही कार्ये निःसंशय पुण्याची. परंतु दान देणाऱ्याच्या इच्छेने होते. विकणाऱ्याच्या पट्टीतून त्याला न विचारता कापलेली रक्कम दान ठरत नाही. १९२८ च्या शेतीविषयक शाही आयोगाने अशा कपातींवर बोट ठेवले आणि नियंत्रित बाजारांची शिफारस केली. मुंबई प्रांतात १९३९ मध्ये आणि महाराष्ट्र राज्यात १९६३ मध्ये त्यासंबंधीचे कायदे झाले. मण आणि शेर गावोगावी वेगवेगळे होते, तो गोंधळही १९५६ च्या वजनमाप कायद्यानंतर मेट्रिक पद्धती टप्प्याटप्प्याने लागू होऊन १९६२ पर्यंत संपुष्टात आला.

या सुधारणांनी व्यापाऱ्याचे नुकसान होईल अशी भीती त्या काळी व्यक्त होत असे. प्रत्यक्षात काय होते ते पाहावे. काट्यावर विश्वास नसला की विकणारा कापसाला पाणी मारतो, धान्यात खडे मिसळतो. घेणारा ते गृहीत धरून कडता कापतो. कडता कापणार हे माहीत असल्याने विकणारा आणखी पाणी मारतो. दोघेही हुशार, दोघेही मेहनती आणि ही सर्व मेहनत मालाची प्रत खालावण्यात खर्ची पडते. खऱ्या काट्याने हे चक्र थांबते. तपासणीचा वेळ, भांडणाचा वेळ, परत पाठवणीचे भाडे आणि खराब मालाची तूट, हे चारही खर्च एका काट्याने कमी होतात. आजच्या दुकानदारानेही आलेला माल त्याच दिवशी, आणणाऱ्याच्या समक्ष मोजून घ्यावा आणि उणीव असेल तर तेव्हाच लिहून द्यावी. मोजून घेण्यात अविश्वास नाही. उलट न मोजता घेणे आणि महिन्याने बिल देताना कमी भरल्याची तक्रार काढणे, यातूनच अविश्वास जन्मतो.

पंचेचाळीस दिवस

स्वातंत्र्योत्तर काळात लहान कारखानदार वाढले आणि बनारसीदासांची जुनी व्यथा नव्या रूपात समोर आली. मोठे खरेदीदार लहान पुरवठादारांचे पैसे महिनोन्‌महिने अडकवू लागले. १९९३ मध्ये विलंबित देयकांवर व्याज आकारण्याचा कायदा झाला. त्याची जागा २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्याने घेतली. त्यानुसार सूक्ष्म व लघु उत्पादकाचे किंवा सेवा देणाऱ्याचे पैसे लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत देणे बंधनकारक आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. मालाबद्दल हरकत असेल तर ती १५ दिवसांत लेखी कळवावी लागते. २०२३ च्या वित्त कायद्याने याची सांगड प्राप्तिकराशी घातली. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या या तरतुदीप्रमाणे मुदतीत न दिलेल्या अशा देण्याची वजावट प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच मिळते.

येथे एक बाब ध्यानात ठेवावी. २०२१ मध्ये किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली, ती प्राधान्यक्षेत्र कर्जापुरती. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला विलंबित देयकाच्या वसुलीचे संरक्षण त्यामुळे मिळत नाही. मात्र तो ज्या लहान उत्पादकाकडून पिशव्या, खोकी, मसाले किंवा कपडे घेतो, त्याचे पैसे वेळेवर देण्याचे बंधन त्याच्यावर आहेच.

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी लागू झाल्यापासून पुरवठादाराचा चोखपणा हा खरेदीदाराच्या खर्चाचाच भाग झाला आहे. १ जानेवारी २०२२ पासून पुरवठादाराने आपल्या विवरणात दाखवलेल्या बिलांवरच खरेदीदाराला भरलेल्या कराची वजावट मिळते. ५०,००० रुपयांच्या मालावर १८ टक्के दराने ९,००० रुपये कर होतो. एखाद्या पुरवठादाराने माल १,००० रुपयांनी स्वस्त दिला आणि बिल विवरणात दाखवलेच नाही, तर हजाराच्या लोभापायी ९,००० रुपये अडकतात. म्हणून मालाची खरी किंमत बिलावरच्या भावाने ठरत नाही. भाडे, हमाली, तूट, परतीचा माल, पैशाचे व्याज आणि कर हे सर्व धरून माल आपल्या दुकानात काय भावाने पडला, हे पाहावे लागते. स्वस्त ते महाग का पडते, याचे उत्तर याच हिशेबात आहे.

महोत्सव संपल्यानंतर

या चार शतकांचे सार थोडक्यात सांगता येते. खर्च कमी करायचा तर वाया जाणाऱ्या गोष्टींचा करावा. समोरच्याच्या पोटाचा करू नये. चार फुटकळ मागण्यांऐवजी एकदाच मागणी नोंदवल्यास पुरवठादाराचे भाडे वाचते आणि त्यातील वाटा मागण्याचा हक्क खरेदीदाराला पोहोचतो. शेजारच्या दोन-तीन दुकानदारांनी मिळून माल मागवल्यास घाऊक भाव मिळतो. गरज आधी कळवल्यास घाईचा भाव द्यावा लागत नाही. अटी लिहून ठेवल्यास वाद होत नाही. आणि पैसे देण्यास अडचण असेल तर मुदत संपण्यापूर्वी स्वतः जाऊन सांगितल्यास पत जात नाही. बनारसीदासांच्या कचोरीवाल्याने हेच सिद्ध केले. यापैकी एकाही गोष्टीत पुरवठादाराचे नुकसान नाही आणि प्रत्येक गोष्टीत खरेदीदाराचा लाभ आहे.

दिवाळीला वहीपूजन होते तेव्हा पहिल्या पानावर 'शुभ' आणि 'लाभ' हे शब्द शेजारी शेजारी लिहिले जातात. त्या दिवसापूर्वी हमाल, टेम्पोवाला, खोकी पुरवणारा, बिले लिहिणारा कारकून यांचे देणे चुकते झाले आहे की नाही, हे एकदा पाहून घ्यावे. मोठ्या कंपनीचे बिल दंडाच्या भीतीने वेळेवर जाते. थकतो तो ज्याला मागण्याचा संकोच वाटतो तो. मोठ्या खरेदीदाराच्या दारात ताटकळल्याचा राग घेऊन दुकानात परतलेला व्यापारी आपल्या दारात उभ्या असलेल्या लहान माणसाला 'उद्या ये' म्हणतो, तेव्हा सबलसिंहाची हवेली दूर आग्र्यात राहत नाही.

हा विचार केवळ दुकानांपुरता नाही. समाजाच्या संस्थाही खरेदीदारच असतात. प्रतिष्ठा, पंचकल्याणक, चातुर्मास, वर्धापनदिन अशा प्रसंगी मंडपवाला, आचारी, फुलवाला, वाजंत्री आणि छापखानदार मनापासून राबतात. धर्मकार्य म्हणून ते भावही कमी लावतात. कार्य उत्साहात पार पडते, सत्कार होतात, पाहुणे परततात आणि बिले कोणाच्या तरी सहीसाठी पडून राहतात. दानाचा आकडा फलकावर झळकतो; दिलेल्या बिलांचा आकडा कोठेही झळकत नाही. तरीही गावात संस्थेची खरी कीर्ती मंडपवाल्याच्या आणि आचाऱ्याच्या तोंडून पसरते. घेताना जड माप वापरू नये, ही शास्त्राची आज्ञा वेळेच्या मापालाही लागू आहे. मालासाठी दोन दिवसांची घाई करणाऱ्याने पैशांसाठी दोन महिन्यांची सवड घेणे, हे घेण्याचे आणि देण्याचे माप वेगळे ठेवणेच होय. ती मापे सारखी ठेवणाऱ्यांच्या पेढ्या आणि संस्था पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या, हीच या इतिहासाची साक्ष आहे.